मोडलेल्या गाडीची किंमत

सुरुवातीलाच तुम्हांला एक कोडे घालतो. एका माणसाने १९९७ साली सुमारे ६,४०,००० पौंडांना एक मोटारगाडी विकत घेतली. चौदा वर्षे ती मनसोक्त चालवली. २०११ साली तिला मोठा अपघात झाला. विमा कंपनीने ती दुरुस्त करण्यासाठी ९,१०,००० पौंड मोजले. म्हणजे गाडीच्या मूळ किमतीपेक्षा दुरुस्तीलाच अधिक पैसे लागले! विमा कंपनी म्हणजे काही धर्मादाय संस्था नव्हे. मग तिने हा तोट्यातला व्यवहार का केला? की तो तोट्यातला नव्हताच?

या गाडीचा मालक तुमच्या परिचयाचा आहे. त्याचे नाव रोवन अ‍ॅटकिन्सन, म्हणजे दूरदर्शनच्या पडद्यावर जवळजवळ काहीच न बोलता तुम्हांला पोट धरून हसवणारा 'मिस्टर बीन'. पडद्यावर वेंधळा दिसणारा हा नट विद्युत अभियांत्रिकीचा पदवीधर आहे आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाची त्याच विषयातली एम.एस्सी. पदवीही त्याने मिळवली आहे. त्याची गाडी होती 'मॅकलॅरेन एफ-१'. ४ ऑगस्ट २०११ च्या संध्याकाळी इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात, ओल्या रस्त्यावर ही गाडी घसरली, गिरक्या घेत रस्त्याबाहेर गेली आणि झाडावर आदळली. गाडीची दुर्दशा झाली. अ‍ॅटकिन्सन मात्र खांद्याच्या दुखापतीवर बचावला.

या एका घटनेत बरेच पदार्थविज्ञान आहे आणि थोडे गणितही आहे. शिवाय एक धडा असा आहे की तो मला माझ्या स्वतःच्या स्कूटरने शिकवला. क्रमाक्रमाने पाहू.

गाडी नव्हे, प्रयोगशाळाच!

ही गाडी गॉर्डन मरे या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या अभियंत्याने रचली. १९९२ ते १९९८ या काळात अशा केवळ १०६ गाड्या तयार झाल्या. ड्रायव्हर बसतो तो मधोमध, आणि त्याच्या दोन बाजूंना किंचित मागे एकेक प्रवासी. बारा सिलिंडरांचे इंजीन ड्रायव्हरच्या पाठीमागे. १९९८ साली अशा एका गाडीने ताशी सुमारे ३८६ किलोमीटर वेग गाठला होता. इंजिनाच्या कप्प्याला आतून चक्क सोन्याचा पातळ वर्ख लावलेला असतो. हा श्रीमंतीचा थाट नव्हे. सोने अवरक्त किरण, म्हणजेच उष्णतेचे किरण, फार चांगले परावर्तित करते. त्यामुळे इंजिनाची धग आजूबाजूच्या भागांना लागत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचा सांगाडा. तो पोलादाचा नसून कार्बन तंतूंचा आहे. केसापेक्षाही बारीक अशा कार्बनच्या तंतूंचे कापड विणतात, त्याचे थर राळेसारख्या चिकट पदार्थात भिजवून एकावर एक बसवतात आणि उष्णता व दाब देऊन घट्ट करतात. पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, तर या पदार्थाची सुमारे १.६ ग्रॅम. वजन पाचव्या हिश्शाचे आणि तरीही ताकद पोलादाच्या तोडीची! रस्त्यावर धावणाऱ्या, विक्रीसाठी तयार झालेल्या गाडीत असा सांगाडा प्रथम वापरला गेला तो याच गाडीत.

गाडी गिरकी का घेते?

आता एक प्रयोग करा. दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीच्या दोन्ही टोकांना एकेक जड नट बांधा. दुसरीच्या मध्यावर दोन्ही नट एकत्र बांधा. पट्ट्या मध्यावर धरून मनगटाने मागेपुढे फिरवून पाहा. दोघींचे वजन सारखे आहे, पण दुसरी पट्टी चटकन वळते. वस्तुमान मध्याजवळ असेल तर वस्तू फिरवणे सोपे जाते. यालाच जडत्व-आघूर्ण कमी असणे असे म्हणतात.

अशा शर्यतीच्या धर्तीच्या गाड्यांत इंजीन मध्याजवळ ठेवतात ते याचसाठी. सुकाणूचक्र जरा फिरवले की गाडी लगेच वळते. पण जी वस्तू हवी तेव्हा चटकन फिरते, ती नको असतानाही चटकन फिरते. मागच्या चाकांची पकड सुटली की ड्रायव्हरला सावरायला क्षणभरसुद्धा उसंत मिळत नाही.

पकड म्हणजे घर्षण. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणांक साधारण ०.८ धरला, तर ओल्या रस्त्यावर तो ०.४ पर्यंत उतरू शकतो. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारी गाडी थांबवायला किती अंतर लागेल? वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट, हे सूत्र वापरा. कोरड्या रस्त्यावर उत्तर येते सुमारे २५ मीटर, ओल्यावर सुमारे ५१ मीटर. ही दुप्पट लांबी तुमच्या डोळ्यांना दिसत नाही. ती ब्रेक दाबल्यावरच कळते.

ऊर्जा जाते कुठे?

अ‍ॅटकिन्सनच्या गाडीचा त्या क्षणी वेग काय होता, या वादात आपण पडायला नको. हिशेबासाठी सेकंदाला २० मीटर हाच वेग घेऊ. गाडी आणि माणूस मिळून वस्तुमान १,२०० किलोग्रॅम धरू. गतिज ऊर्जा झाली २,४०,००० जूल. हा आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर असे समजा, ही गाडी सुमारे २० मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ सात मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकली तर जमिनीवर आदळताना तिच्यात एवढीच ऊर्जा असेल.

ही ऊर्जा नाहीशी होत नाही. कशात तरी ती खर्ची पडावीच लागते. समजा गाडी मुळीच न चेपता केवळ ५ सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का त्याच्या वजनाच्या सुमारे ४०० पट होईल. त्यातून कोणी वाचणार नाही. पण गाडीचा भाग चुरगळत चुरगळत अर्धा मीटर आत गेला आणि पट्ट्याने माणसाला आसनाशी धरून ठेवले, तर हाच धक्का सुमारे ४० पटींवर येतो. दुखापत होईल, पण जीव वाचण्याची आशा राहते.

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "सर, हल्लीच्या गाड्या एवढ्याशा धक्क्याने चेपतात. जुन्या गाड्या किती मजबूत असत!" मी उलट विचारतो, "गाडी चेपायला हवी की तुम्ही?" वर्ग हसतो, पण मुद्दा लक्षात राहतो. चेपणे हेच त्या भागाचे काम आहे. माणूस बसतो तो पिंजरा टणक असावा आणि त्याच्या पुढचा-मागचा भाग चुरगळणारा असावा, अशी ही योजना असते. अ‍ॅटकिन्सनच्या गाडीच्या चिंध्या झाल्या आणि तो बचावला, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. पहिलीमुळेच दुसरी घडली.

पत्रा बोलतो, कार्बन गप्प बसतो

आता दुरुस्ती. पोलादी पत्र्याला धक्का बसला की पोचा पडतो. धातूतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि नवा आकार कायम होतो. हा पोचा दिसतो. गॅरेजमधला डेंटिंगवाला हातोडी आणि ठोकळा घेऊन तो पुष्कळसा सरळ करू शकतो.

कार्बन तंतूंचे तसे नाही. तो पदार्थ एका मर्यादेपर्यंत लवतो, परत सरळ होतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम तडकतो. कधी वरचा थर अगदी गुळगुळीत दिसतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात. मग ते ओळखायचे कसे? कुंभाराकडे मडके घेताना तुमची आजी काय करते ते आठवा. बोटाने टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. अखंड मडके खणखणते, चिरलेले बद्द वाजते. कार्बनच्या सांगाड्याची पहिली तपासणीही अशीच, नाण्याने किंवा छोट्या हातोडीने वाजवून करतात! सुटलेल्या थरापाशी आवाज बद्द येतो. पुढची तपासणी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी करतात. आत पोकळी असेल तर लहर तिथूनच परत फिरते.

दोष सापडला की त्या जागचे थर पायऱ्यापायऱ्यांनी घासून काढायचे, प्रत्येक पायरीवर तंतूंची दिशा जुळवून नवे कापड बसवायचे, निर्वात पिशवीत दाबून ठरलेल्या तापमानाला भाजायचे आणि पुन्हा तपासायचे. घाई करून चालत नाही. ही गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर यायला वर्षाहून अधिक काळ लागला. सुटे भाग बाजारात तयार मिळत नव्हते, कारण जगात अशा गाड्याच मोजक्या. तज्ज्ञांचे तास, नव्याने घडवलेले भाग आणि तपासण्या, यांची बेरीज ९,१०,००० पौंड झाली. इंग्लंडमध्ये एका गाडीच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या सर्वांत मोठ्या रकमांपैकी ही एक, असे तेव्हा वृत्तपत्रांनी नोंदवले.

विम्याचे गणित

आता कोड्याकडे वळू. विमा म्हणजे काय? समजा एका तालुक्यात १,००० स्कूटरी आहेत. अनुभव असा, की वर्षाकाठी त्यांतल्या २० पडतात आणि प्रत्येकीला सरासरी १५,००० रुपये खर्च येतो. एकूण ३ लाख रुपये. प्रत्येकाने वर्षाला ३०० रुपये एकत्र ठेवले तर कोणावरच १५,००० चा डोंगर कोसळणार नाही. त्यात कचेरीचा खर्च आणि नफा मिळवला की झाला विम्याचा हप्ता.

पण दरवर्षी बरोबर २० च स्कूटरी पडतील असे थोडेच आहे? कधी १५, कधी २६. इथे याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाचा नियम मदतीला येतो. त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो आहे. संख्या जितकी मोठी, तितकी सरासरी अधिक स्थिर. वर्गातच करून पाहा. एका मुलाने दहा वेळा नाणे उडवले तर सात छापही पडतील. पण पन्नास मुलांनी वीस-वीस वेळा उडवून बेरीज केली, तर हजारांत सातशे छाप पडणे जवळजवळ अशक्यच. विमा कंपनी याच भरवशावर चालते. मात्र जगात केवळ १०६ असलेल्या गाडीला हा नियम पुरेसा लागू पडत नाही. म्हणून अशा दुर्मिळ गाड्यांची किंमत बहुधा आधीच तज्ज्ञांकडून ठरवून घेतात आणि हप्ताही जबर असतो.

आपल्या नेहमीच्या गाड्यांचे काय? त्यांची किंमत काळाबरोबर उतरते. यालाच घसारा म्हणतात. आपल्याकडे प्रचलित असलेल्या कोष्टकाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के, वर्षाच्या आतल्या गाडीला १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घसारा धरून विम्याची रक्कम ठरते. सहा लाखांची गाडी साडेतीन वर्षांनी विम्याच्या वहीत ३ लाख ६० हजारांची होते. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे इथे २ लाख ७० हजारांहून अधिक झाला, तर गाडी 'पूर्ण नुकसान' या सदरात जाते. कंपनी ठरलेली रक्कम देऊन मोकळी होते.

अ‍ॅटकिन्सनच्या गाडीचा आलेख उलटा होता. ती दुर्मिळ असल्याने तिची किंमत उतरण्याऐवजी चढत गेली. दुरुस्तीच्या सुमारास ती अंदाजे ३५ लाख पौंड झाली होती. म्हणजे ९,१०,००० हा खर्च किमतीच्या चौथ्या हिश्शाहून थोडासाच अधिक! पूर्ण किंमत देण्यापेक्षा दुरुस्ती स्वस्त पडली. कोडे सुटले ना? आपण तुलना करत होतो १९९७ च्या किमतीशी. करायला हवी होती अपघाताच्या वेळच्या किमतीशी. पुढे २०१५ साली ही गाडी सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली.

आता माझी स्कूटर

चार वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचे पाण्यात मिसळून वंगण झालेले असते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्या दिवशी एक कुत्रे आडवे आले आणि मी मागचा ब्रेक कचकन दाबला. चाक फिरायचे थांबले, स्कूटर आडवी झाली आणि घसरत जाऊन मैलाच्या दगडावर आदळली. मला गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

ती स्कूटर म्हणजे माझ्या वडिलांची जुनी पेट्रोलवरची चेतक. याच स्कूटरवर पुढे उभे राहून मी शाळेत गेलो. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. गंमत पाहा, चेतकला वेगळी चौकट नव्हती. तिचे पोलादी पत्र्याचे अंग हीच तिची चौकट. मॅकलॅरेनचा कार्बनचा सांगाडाही तत्त्वतः असाच, कवच आणि कणा एकच. म्हणून पत्रा मुडपला की नुसती शोभा जात नाही, कणाच वाकतो. पाय ठेवतो त्या पाटाच्या मागे माझ्या स्कूटरला अशी मुडप पडली होती.

विम्याचा कागद काढून पाहिला. मी फक्त तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा उतरवत आलो होतो. कायद्याने तेवढाच सक्तीचा आहे. स्वतःच्या वाहनाच्या मोडतोडीसाठी त्यातून एक पैसाही मिळत नाही. भौतिकीच्या अध्यापकाने हे आधी वाचायला नको होते का?

गॅरेजवाले काका म्हणाले, "सर, चौदा हजार लागतील. भंगारात चार हजार येतील. बघा बुवा." मी म्हणालो, "चौदा तर चौदा." त्यांनी पत्रा ठोकून सरळ केला, अगदी पूर्वीसारखा. रंग मारण्याआधी मात्र मला राहवले नाही. रेल्वेच्या कारखान्यांत आसांतल्या चिरा शोधण्याची एक जुनी रीत आहे, ती मी करून पाहिली. सांध्यापाशी पत्रा घासून स्वच्छ केला, त्यावर पातळ तेल लावले, काही वेळाने ते कोरडे पुसले आणि खडूची पूड चोळली. पाच-दहा मिनिटांत पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक काळपट ओली रेघ उमटली, चांगली दोन बोटे लांब. चिरेत शिरलेले तेल खडूने वर ओढून घेतले होते.

तार एकदा वाकवून सरळ केली तर तुटत नाही, पण दहा-बारा वेळा केली तर त्याच जागी तुटते, हे तुम्ही पाहिले असेल. वाकवलेला पत्रा ठोकून सरळ केल्याने पुन्हा कोरा होत नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक ती चीर वाढणार होती. काका म्हणाले, "वेल्डिंग मारतो की, दिसणारसुद्धा नाही." दिसणार नव्हती, हे खरेच. पण ती तिथे आहे हे आता मला ठाऊक होते आणि त्या स्कूटरवर माझ्या मागे माझी मुलगी बसते.

आज ती स्कूटर आमच्या पडवीत उभी आहे. रविवारी मी ती पुसतो, क्वचित इंजीन चालू करतो. रस्त्यावर मात्र नेत नाही. अ‍ॅटकिन्सनची गाडी रस्त्यावर परतली आणि माझी परतली नाही. त्याचे त्याच्या गाडीवर माझ्यापेक्षा अधिक प्रेम होते असे नाही. तिचा प्रत्येक भाग तपासून, बदलून, पुन्हा तपासता आला. माझ्या स्कूटरचा कणा तसा नवा करता येत नव्हता. विम्याच्या कोष्टकात जिव्हाळ्याला रकाना नसतो हे खरे. पण चिरेलाही जिव्हाळा कळत नाही.

तुमच्यासाठी

घरात कोणाच्या वाहनाला अपघात झालाच, तर ही क्रमवारी सांगा. आधी माणूस, मग वाहन. कोणी जखमी असेल तर दवाखाना आणि पोलिसांना खबर. जागेवरच वाहनाची छायाचित्रे काढा. विमा कंपनीला लवकर कळवा आणि तिचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत वाहन उघडू नका. भरपाईत रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांवर सामान्यतः निम्मा घसारा कापला जातो, म्हणजे निम्मा खर्च आपला. आणि आजच संध्याकाळी विम्याचा कागद काढून वाचा. स्वतःच्या वाहनाचे नुकसान त्यात आहे की नाही, एवढे तरी पाहा.

आणखी एक गोष्ट. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो थर असतो, तो म्हणजे डोक्यासाठीचा चुरगळणारा भाग. एका धक्क्यात तो दबतो आणि पुन्हा फुगत नाही. बाहेरून हेल्मेट नव्यासारखे दिसते, पण आतून ते कामातून गेलेले असते. जोरात आपटलेले हेल्मेट बदलावेच लागते.

आता तुमच्या घरातले हेल्मेट हातात घ्या आणि घरच्यांना विचारा, "हे कधी जोरात आपटले होते का?" मिळालेले उत्तर आपल्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना जरूर सांगा. वर्गात किती जणांचे उत्तर 'हो' येते, ते फळ्यावर मांडून पाहा.